८० नको, २० द्या: वायफायचं काम करणाऱ्यांसाठी माझं स्पष्ट मत



परवाच्या व्हिडिओत मी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘चॅनल विड्थ’ ८० वरून २० वर आणली आणि स्पीड टेस्टचा आकडा धाडकन खाली आला. ते बघून बऱ्याच जणांना वाटलं, सरांची काहीतरी गडबड झाली. गडबड नाही, मुद्दाम दाखवलं. पण दहा मिनिटांत सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमच्यापैकी जे सीसीटीव्ही, वायफाय, फायबर फिटिंगचं काम सुरू करायच्या विचारात आहेत, त्यांनी हे निवांत वाचा. या एका सेटिंगपायी माझा एक माणूस अडचणीत आला होता. माझा म्हणजे माझ्याकडे कामाला असलेला नाही. ज्याच्याशी माझं कधी बोलणंही झालं नव्हतं असा.

माझं दुकान निफाडला. कॉम्प्युटर, कॅमेरे, राउटर आणि त्यांचं फिटिंग. बीबीए केलं तेव्हा मार्केटिंगचे चार ‘पी’ तोंडपाठ होते, पण डीबीएम म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं नव्हतं. जे शिकलो ते शिडीवर उभं राहून शिकलो.

तर काम होतं लासलगावच्या बाजूला, एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर. आमच्याकडचे लोक जाणतात, बाहेरच्यांसाठी सांगतो: मार्केटमधून लिलावात घेतलेला माल व्यापारी खळ्यावर आणतो, तिथे निवडतो, गोण्या भरतो आणि गाडी लोड करतो. या खळ्याचं ऑफिस रस्त्याला लागून आणि लोडिंगचं शेड मागे, साधारण दोनशे मीटरवर. मधून दिवसभर ट्रॅक्टर अन् ट्रक. चारी खोदून केबल टाकायला शेठ तयार नव्हते, आणि वरून ओढली तर ट्रकच्या ताडपत्रीत अडकणार. म्हणून दोन रेडिओ बसवले, एक ऑफिसच्या छतावर, एक शेडच्या खांबावर. ५ गिगाहर्ट्झचे. लोडिंगच्या बाजूला चार कॅमेरे, रेकॉर्डिंगचा डबा ऑफिसात.

चॅनल विड्थ मी ८० ठेवली. का ठेवली? कारण रेडिओच्या सेटिंगमध्ये तोच सगळ्यात मोठा आकडा होता जो चालत होता. ऑगस्ट महिना, खळ्यावर शांतता. शेठसमोर लॅपटॉपवर टेस्ट लावली, तीनशेच्या वर गेली. शेठ म्हणाले, “वा रे भाऊ, काम झालं.” चहा झाला, चेक झाला, मी घरी.

डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढली. रात्री नऊ-दहापर्यंत गाड्या भरायला लागल्या. एका गाडीत पुढच्या ठिकाणी चौदा गोण्या कमी भरल्या. हिशेब लागेना. रेकॉर्डिंग काढलं, तर नेमकं त्या रात्री साडेआठ ते सव्वानऊच्या मध्ये चित्र तुटक-तुटक. दोन मिनिटं दिसतंय, पाच मिनिटं काळं, परत एक मिनिट. लोडिंग मोजायला जो मुकादम उभा होता, त्याच्याकडे बोट गेलं. कोणी उघड आरोप केला नाही, पण तुम्हाला माहीत आहे गावात कसं असतं. “कॅमेरा बरोबर तेव्हाच कसा बंद पडला?” एवढं वाक्य पुरतं. तो माणूस चार दिवस कामावर आला नाही. पाचव्या दिवशी कळलं की पलीकडे उतरवताना मोजणीच चुकली होती, गोण्या दुसऱ्या मालात लागल्या होत्या.

गोण्या सापडल्या म्हणून विषय संपला असं सगळे म्हणाले. माझ्यासाठी नाही संपला. कॅमेरा त्या माणसाची बाजू मांडायला होता, आणि ऐन वेळी तो गप्प बसला. कारण मला मोठा आकडा दाखवायचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, काम जोरात असताना, मी खळ्यावर गेलो आणि रेडिओमधूनच आजूबाजूचं स्कॅनिंग लावलं. माझ्या लिंकच्या जागेवर आणखी सहा नावं. ऑगस्ट ते डिसेंबरच्या मधे आजूबाजूच्या खळ्यांनीही कॅमेरे लावले होते. आणि त्या सहापैकी दोन लिंका मीच बसवलेल्या! माझ्याच तीन लिंका एकमेकींचा गळा धरून बसल्या होत्या, आणि मी बाहेरच्या कोणाला तरी शिव्या देत होतो.

आता हे का झालं ते समजून घ्या. इंजिनीअरिंगची भाषा मी वापरत नाही, ती मला पूर्ण येतही नाही. पण धंद्यापुरतं पुरेल एवढं सांगतो.

वायफाय ज्या हवेतल्या पट्ट्यावर चालतं, तो पट्टा म्हणजे लासलगाव मार्केटचं आवार समजा. जागा ठरलेली आहे, वाढत नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झमध्ये आधी थोडी जागा होती आणि बरीचशी घरातल्या वापरापुरती. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ती वाढवून ६०५ मेगाहर्ट्झ केली आणि बाहेर, उघड्यावर वापरायलाही मोकळी दिली. आज छतावर रेडिओ लावून तुम्ही-मी धंदा करू शकतो तो या निर्णयामुळे.

या आवारात तुम्ही २० मेगाहर्ट्झची गाडी लावली तर ५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते १६५ नंबरपर्यंत एकमेकांना न घासता २५ गाड्या बसतात. ४० ची केली की १२. ८० ची केली की ६. आणि १६० ची केली की सगळ्या आवारात फक्त २! हे कागदावर. प्रत्यक्षात बाजारातले अनेक स्वस्त राउटर मधले, ५२ ते १४४ नंबरचे चॅनल दाखवतच नाहीत. मग उरतात ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५. म्हणजे २० चे नऊ, आणि ८० चे फक्त दोन.

आमच्या भागात छतावरचे जवळजवळ सगळे रेडिओ १४९ च्या आसपास लावलेले सापडतात. एकाने लावले, दुसऱ्याने बघून लावले. १४९ ते १६१ हा मिळून एकच ८० चा चॅनल होतो. म्हणजे सात लिंका आणि सातही जणांनी ट्रॉली आडवी लावलेली. तेवढ्याच जागेत २० च्या चार लिंका समांतर उभ्या राहिल्या असत्या: १४९, १५३, १५७, १६१.

बरं, एकाच चॅनलवर सात जण आले तर काय होतं? वायफायला एक शिस्त आहे. बोलण्याआधी ऐकायचं. दुसरा बोलत असेल तर थांबायचं, तो गप्प झाला की थोडा वेळ सोडून आपण बोलायचं. लिलावात सगळे एकदम ओरडले तर बोली कोणाचीच ऐकू येत नाही, तसंच. दिवसा कमी गर्दीत हे निभावतं. रात्री सात खळ्यांवरचे अठ्ठावीस-तीस कॅमेरे एकदम चित्र पाठवायला लागले की रांग लागते. त्यात एखाद्या रेडिओला दुसऱ्याचा आवाज नीट ऐकू येत नाही, मधे शेड असतं, ट्रक उभा असतो. मग तो मधेच बोलतो, दोघांचंही बोलणं वाया जातं, परत पाठवावं लागतं. इंटरनेटवर व्हिडिओ बघताना चाकरी फिरते तेवढंच. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र ते मिनिट कायमचं जातं. (कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं असतं तर वाचलो असतो, हे खरं. आता टाकतो. पण ती पुढची गोष्ट.)

दुसरी बाजू आवाजाची. हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर वाटलं, अरे, हे तर आपल्याला बागेत रोज दिसतं. विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. तेच पाणी ठिबकने वेलीच्या मुळाशी सोडलं तर शेवटच्या वेलीपर्यंत पोहोचतं. मोकाट सोडलं तर अर्ध्या वावरात जिरून जातं. मोटर तीच, पाणी तेच. रेडिओची ताकद म्हणजे मोटर. २० च्या चॅनलमध्ये ती एका जागी राहते. ४० केला की तीच ताकद दुप्पट रुंदीत पसरते. आणि ऐकणारा रेडिओ दुप्पट रुंद तोंड उघडून बसतो, म्हणून हवेतली खरखरही दुप्पट आत घेतो. दर वेळी रुंदी दुप्पट केली की ३ डीबीचा फटका. २० वरून ८० वर गेलात की ६ डीबी गेले. मोकळ्या मैदानात ६ डीबी म्हणजे निम्मं अंतर! ज्या लिंकला २० वर एक किलोमीटर जाता येतं, तिला तशाच दर्जाने ८० वर अर्धाच किलोमीटर.

मग काही जण म्हणतात, ताकद वाढवू. अँप्लिफायर लावू. मंडळी, नियम आहेत. २.४ मध्ये रेडिओची ताकद जास्तीत जास्त १ वॉट आणि अँटेना धरून ४ वॉट. विनापरवाना म्हणजे विनानियम नव्हे. आणि तुम्ही ओरडलात की शेजारीही ओरडणार. त्याला अंत नाही.

आमच्या निफाडात ही ६ डीबीची शिल्लक जास्तच कामाला येते. द्राक्षबागेतल्या फार्महाऊसवर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर लिंक लावली तर सगळं चकाचक दिसतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुन्हा पाला भरतो, शेजारचा वर्षभरात शेवगा नाहीतर सुबाभूळ वाढवतो, डिसेंबरच्या सकाळी पानापानावर दव असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा किती घसरला याची बातमी आली की मला द्राक्षवाल्यांचे फोन येतात, “कॅमेरा गेला.” थंडीने नाही गेला हो. ओल्या पानांनी सिग्नल खाल्ला आणि तुमच्याकडे शिल्लक नव्हती. ५ गिगाहर्ट्झला ओला पाला अजिबात सोसत नाही.

लांब पल्ल्यासाठी अरुंद पट्टी, ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही. आपल्याच राज्यात याचं चांगलं उदाहरण आहे. आयआयटी मुंबईच्या लोकांनी पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये टीव्हीच्या रिकाम्या राहिलेल्या पट्ट्यातून, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधून, इंटरनेट नेऊन दाखवलं. तिथे एक चॅनल ८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या २० च्या निम्म्याहूनही कमी. झाडं, टेकड्या असलेला भाग, तरी काम झालं. त्यांच्या ‘ग्राम मार्ग’ या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथला मोठा फायदा कमी फ्रिक्वेन्सीचा आहे, ती झाडांतून जास्त चांगली जाते. सगळं श्रेय अरुंदपणाला देता येणार नाही. आणि तो पट्टा तुमच्या-माझ्यासाठी विनापरवाना मोकळाही नाही. पण गावातल्या माणसाला चालणारं इंटरनेट द्यायचं ठरवलं तेव्हा जाणकारांनी डोकं कुठे लावलं ते बघा. पोहोचण्यावर लावलं, आकड्यावर नाही.

अजून टोकाचं उदाहरण म्हणजे शेतातले लोरा सेन्सर. जमिनीचा ओलावा, पानाचा ओलेपणा मोजणारे. हे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि चॅनल किती रुंद? १२५ किलोहर्ट्झ. आपल्या २० मेगाहर्ट्झच्या एकशे साठाव्या भागाएवढा. लहानशा बॅटरीवर महिनोन्‌महिने चालतात आणि मोकळ्या शिवारात काही किलोमीटर जातात. वेग? त्यावर साधा फोटो पाठवायचा म्हटलं तरी कंटाळा येईल. पण त्याला फोटो पाठवायचाच नाहीये ना! ओलावा किती, हा एक आकडा पाठवायचाय.

मी गिऱ्हाइकाला आता पहिला प्रश्न हाच विचारतो. काय पाठवायचंय? खळ्यावरचे चार कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर १६ झाले. वर थोडं सोडा, २५ धरा. त्यासाठी मी ८० मेगाहर्ट्झ अडवले होते. एका गोणीसाठी दहा टायरचा ट्रक!

आणि घरातलं बघा. आपल्या तालुक्यात फायबरचे जे प्लॅन लोक घेतात ते बहुतेक ३०, ५०, १०० एमबीपीएसचे. दोन अँटेनाचा साधा एसी राउटर २० मेगाहर्ट्झवर १७३ चा लिंक रेट देतो. हातात पडतात त्याच्या निम्मे ते साठ टक्के, म्हणजे ९०-१००. वायफाय ६ चा राउटर आणि फोन असेल तर त्याच २० मध्ये लिंक रेट २८६ पर्यंत जातो. मग १०० च्या प्लॅनला ८० ची रुंदी कशासाठी? पाण्याची टाकी पाचशे लिटरची आणि पाइप सहा इंची.

मग कंपन्या ८० आणि १६० का चालू करून पाठवतात? खोक्यासाठी. हे गणित एकदा करून बघा, मजा येईल. खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलेलं असतं. ते येतं कुठून? २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, बेरीज ११६७, पुढे ढकलून १२००. त्यातले ३०० येतात ४० मेगाहर्ट्झ धरल्यावर, आणि ८६७ येतात ८० धरल्यावर. २० वर आणलं तर तेच १४४ आणि १७३. ‘एएक्स ३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२, आणि ते २४०२ तर १६० मेगाहर्ट्झ असेल तरच. शिवाय फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कोणाच्याही हातात कधी पडत नाही. खोटं काही लिहिलेलं नाही, नियमाने बरोबर आहे. पण तो आकडा सगळ्या गल्लीत तुम्ही एकटेच राहता असं धरून काढलाय.

२.४ चं तर बोलायलाच नको. तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांना न घासता बसतात. ४० केलं की एकच राउटर त्यातली अर्ध्याहून जास्त जागा खातो. शेजारी ऐकू आला तर आपणहून २० वर यायचं अशी सोय राउटरमध्ये असते, पण ‘ऑटो’च्या जागी कोणीतरी ४० पक्कं करून ठेवलेलं असतं. आपल्यातल्याच कोणीतरी. बाजारपेठेत दुकानाला दुकान चिकटून आहे, वर घरं आहेत, तिथे २.४ वर ४० लावणारा फिटर मला रस्त्यात मोटरसायकल लावून चहाला जाणाऱ्यासारखा वाटतो.

नाशिकला माझा एक मित्र मोठ्या ऑफिसांचं नेटवर्किंग करतो. त्याला हे माझं मत पटत नाही. तो म्हणतो, रुंद चॅनलवर काम लवकर संपतं, मग हवा लवकर मोकळी होते, सगळ्यांचाच फायदा. मुद्दा चुकीचा नाही. राउटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत, सिग्नल कडक, शेजारी कोणी नाही, तिथे मीही ८० ठेवतो. मळ्यातलं एकटं घर, ५०० चा प्लॅन, पोरं गेम खेळतात, द्या ८०. पण त्याच्या हिशेबात एक गोष्ट सुटते. प्रत्येक बोलण्याआधीचं ऐकणं, थांबणं, ओळख देणं यात जो वेळ जातो तो रुंदी वाढवून कमी होत नाही. छोटे-छोटे तुकडे जात असतील तर रुंदीचा फायदा नावालाच. आणि पूर्ण ८० मोकळे मिळाले नाहीत तर राउटर एक तर थांबतो, नाहीतर अरुंद होऊनच बोलतो. मग आधीच अरुंद करून स्वतःची स्वच्छ जागा का निवडू नये? त्याच्याकडे महागडी उपकरणं आहेत, जी चॅनल आपापसात वाटून घेतात, आणि भिंती आहेत, ज्या आवाज अडवतात. माझ्याकडे पत्र्याचं शेड आणि शेजारचे सहा रेडिओ आहेत. त्याचा सल्ला त्याच्या जागी बरोबर, पण तुम्ही धंदा कुठे करणार आहात ते बघून सल्ला घ्या. माझ्यासकट.

२०२५ मध्ये काही जण ६ गिगाहर्ट्झची वाट बघत होते. मे २०२५ मध्ये सरकारने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मसुदा आणला, कमी ताकदीच्या घरातल्या वापरासाठी. जागा वाढेल, चांगलंच आहे, शहरातल्या फ्लॅटवाल्यांना जास्त चांगलं. पण हा पट्टा मुख्यतः खोलीतला. खळ्यावरच्या खांबाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

ज्यांना फिटिंगचं काम नको, पण दुकानात बसून काहीतरी जोडधंदा हवाय, त्यांनाही हे लागू आहे. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणीला मंजुरी मिळाली. चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला आपल्या दुकानातून सार्वजनिक वायफाय विकू शकतो, त्याला दूरसंचार खात्याचं लायसन्स नको, नोंदणी नको. अडचण होती ती कनेक्शनच्या दराची. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा दुकानदाराला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. एसटी स्टँडजवळ टपरी असलेल्याने हा हिशेब जरूर मांडावा. पण तिथे एका वेळी पंचवीस-तीस फोन लागणार, सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे, काही जुने, काही रस्त्याच्या पलीकडे. तिथे ८० ठेवलंत तर जवळचा एक जण खूश होईल आणि बाकीचे “हे वायफाय चालत नाही” म्हणून निघून जातील. २० ठेवा. गर्दी फारच वाढली तर दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा, वेगळ्या चॅनलवर, तोही २० वरच.

आता खळ्यावर परत येतो. शेठना मी सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही सांगितलं. माझ्या तिन्ही लिंका २० वर आणल्या, तीन वेगळे चॅनल दिले. टेस्ट ८५ वर आली. शेठ म्हणाले, “काय रे भाऊ, पैसे पुरे घेतले अन् स्पीड कमी केला?” मी म्हटलं, “शेठ, आजची रात्र कॅमेरे बघा, उद्या बोला.” दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. व्यापारी माणूस काही बोलला नाही म्हणजे काम झालं समजायचं. त्यानंतर आजपर्यंत त्या लिंकचं रेकॉर्डिंग तुटलेलं नाही. बाकीच्या चार लिंका ज्या दोन फिटरांच्या होत्या, त्यांनाही मी दुकानात बोलावलं. एकाने ऐकलं. दुसरा म्हणाला, “माझं गिऱ्हाईक मला विचारतं, तीनशेवाला लावतो का म्हणून. मी ऐंशी दाखवू?”

त्याचा प्रश्न खरा आहे. तुमच्यापुढेही येणार आहे. समोरचा फिटर तीनशे दाखवतो आणि तुम्ही ऐंशी, तर काम त्याला जाणार, निदान पहिल्या वर्षी. माझी दोन-तीन कामं अशीच गेली. म्हणून मी आता स्पीड टेस्ट दाखवतच नाही. गिऱ्हाइकाला आधी विचारतो किती कॅमेरे, किती दिवस रेकॉर्डिंग, गर्दीची वेळ कोणती. सर्व्हेचे वेगळे पाचशे रुपये घेतो आणि काम मिळालं तर बिलातून वजा करतो. सर्व्हे संध्याकाळी, धंदा चालू असताना करतो. रिकाम्या दुपारी केलेला सर्व्हे म्हणजे आवक नसताना काढलेला भाव. आणि बिलाच्या खाली पेनाने लिहून देतो: चॅनल अमुक, रुंदी २०, दोन्ही बाजूंचा सिगनल इतके डीबीएम, तारीख, वेळ. सहा महिन्यांनी तक्रार आली की तोच कागद घेऊन जातो आणि परत मोजतो. आकडा बदलला असेल तर झाड वाढलंय नाहीतर शेजारी आलाय. नसेल बदलला तर पहिल्यांदा अडॅप्टर आणि केबलची पिन बघतो. भांडण होत नाही, कारण दोघांसमोर कागद असतो.

ज्याने ऐकलं त्या फिटरबरोबर आता आमचं ठरलंय. त्या पट्ट्यात नवी लिंक लावायची तर एकमेकांना फोन करायचा, कोण कुठल्या नंबरवर आहे ते सांगायचं. आम्ही दोघं एकाच गिऱ्हाइकासाठी भाव पाडून भांडतो, ते चालूच आहे. पण चॅनल वाटून घेतो. तिसऱ्याला पण हळूहळू आणू.

पुढच्या आठवड्यात त्याच खळ्यावर रात्री आठला व्हिडिओ करतोय. आधी ८०, मग ४०, मग २०, आणि शेजारच्या लिंका चालू असताना चारी कॅमेरे स्क्रीनवर. शेठनी परवानगी दिलीय. फक्त गाड्यांचे नंबर आणि माणसांचे चेहरे दाखवू नको म्हणालेत, तेवढं मी झाकेन. तोवर तुमच्या दुकानातल्या राउटरचं पान उघडा आणि ‘चॅनल विड्थ’समोर काय लिहिलंय ते बघून ठेवा.